तलफ, तरुण आणि खिशातला मोबाइल

सिगारेटचे पाकीट आणि मोबाइल या दोन वस्तू आजच्या पुष्कळ तरुणांच्या एकाच खिशात सुखाने नांदत असतात. घटकाभर रिकामा वेळ मिळाला, कोणाची वाट पाहावी लागली, मन थोडे खट्टू झाले की हात आपसूक खिशाकडे जातो आणि दोहोंपैकी एक वस्तू बाहेर येते. वडील मंडळींना या दोन्ही सवयींची जवळजवळ सारखीच चीड असते. परंतु गेल्या वीस वर्षांत जगातील काही डॉक्टरांनी आणि संशोधकांनी निराळाच विचार केला. या दोन सोबत्यांपैकी एकाच्या साहाय्याने दुसऱ्याला खिशाबाहेर घालवता येईल काय, असा तो विचार होता. त्याचे पुढे काय झाले, कोठे यश आले, कोठे अपेक्षाभंग झाला आणि त्यातून आपल्याकडील घरांनी व शिक्षणसंस्थांनी काय घ्यावे, हे पाहणे उपयोगाचे ठरेल.

प्रथम, तरुणांचीच चिंता विशेष का करावयाची? याचे एक कारण असे की, हे व्यसन बहुधा तरुणपणीच जडते. आपल्या देशात २०१६-१७ साली झालेल्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीत तंबाखू सुरू करण्याचे सरासरी वय सुमारे १९ वर्षे आढळले. दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. इंग्लंडातील रिचर्ड डॉल आणि त्यांचे सहकारी यांनी १९५१ सालापासून तब्बल ५० वर्षे ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाचा आणि आयुर्मानाचा मागोवा घेतला. २००४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, आयुष्यभर सिगारेट ओढणारा माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी सुमारे १० वर्षे लवकर मरण पावतो. मात्र ज्याने साठाव्या वर्षी सिगारेट सोडली त्याला त्यांपैकी ३ वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला ६, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला ९, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला जवळजवळ सगळीच्या सगळी १० वर्षे. व्यसन सोडण्यास कोणतेही वय उशिराचे नाही, हे खरेच. परंतु तिशीच्या आत ज्याने सिगारेट टाकली, त्याचे गमावलेले जवळजवळ सारे आयुष्य त्याच्या पदरात परत पडते. एवढा मोठा लाभ पुढे कोणत्याही वयात होत नाही.

आता हे आकडे विशीतल्या मुलापुढे ठेवले, तर तो ते नाकारीत नाही. सिगारेट वाईट हे त्यालाही ठाऊक असते. पाकिटावरचे भयंकर चित्र तो रोज पाहतो. पण साठावे वर्ष त्याला इतके दूर दिसते की, तेथे गमावलेल्या दहा वर्षांची भीती आज संध्याकाळच्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचतच नाही. त्याला ज्ञान कमी पडत नाही. ऐन वेळी हाताशी आधार नसतो, हीच खरी अडचण आहे. म्हणूनच मोठमोठी व्याख्याने आणि भित्तिपत्रके यांचा परिणाम मर्यादित राहतो.

ही ऐन वेळ कोणती, ते समजून घेतले पाहिजे. सिगारेटचा झुरका घेतल्यावर त्यातील निकोटीन अवघ्या काही सेकंदांत मेंदूपर्यंत जाऊन पोहोचते आणि क्षणभर बरे वाटते. रक्तातील त्याचे प्रमाण मात्र सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते आणि मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. हीच तलफ होय. सिगारेट सोडल्यानंतरचा पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो. चिडचिड होते, झोप नीट लागत नाही, कामात लक्ष राहत नाही. पुढील दोन ते चार आठवड्यांत हा त्रास बराच ओसरतो. यात ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, तलफेची एकेक लाट थोडाच वेळ टिकते. पाच-दहा मिनिटे जर कसेबसे निभावून नेले, तर ती आपोआप उतरते. व्यसन सोडण्याचा सारा संग्राम अशा पाच-पाच, दहा-दहा मिनिटांच्या चकमकींनी बनलेला असतो. डॉक्टर त्या वेळी जवळ नसतो, आईवडील नसतात, शिक्षक नसतात. असतो तो मोबाइल. त्याच्याकडून अपेक्षा बाळगण्याचे मूळ कारण हे आहे.

या दिशेने झालेल्या आरंभीच्या मोठ्या प्रयोगांपैकी एक न्यूझीलंडमध्ये झाला. त्या वेळी आजच्यासारखे मोबाइल नव्हते. साधा बटणांचा फोन आणि त्यावर येणारे चार ओळींचे संदेश, एवढेच साधन होते. सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या १७०५ तरुणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला रोज व्यसनमुक्तीचे संदेश पाठविले जात. त्यांत कधी सल्ला असे, कधी थट्टा असे, कधी खेळाच्या गप्पा असत. तलफेवरून मन दुसरीकडे वळावे, हा हेतू. सहा आठवड्यांनंतर या गटातील २८ टक्के तरुणांनी सिगारेट सोडल्याचे सांगितले, तर दुसऱ्या गटातील १३ टक्क्यांनी. हे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. अर्थात ही माहिती तरुणांनी स्वतःच सांगितलेली होती आणि सहा महिन्यांनंतरचे चित्र तितके स्पष्ट नव्हते. तरीही साध्या संदेशाच्या अंगी काही सामर्थ्य आहे, एवढे दिसून आले.

पुढे ब्रिटनमध्ये याहून कसोशीची परीक्षा घेण्यात आली. तिच्यात ५८०० माणसे होती. पहिले पाच आठवडे दिवसाला पाच संदेश आणि नंतरचे सहा महिने आठवड्याला तीन, असा क्रम ठेवला होता. शिवाय तलफ आली की एक ठरावीक शब्द पाठवावयाचा, लगेच उलट धीराचा संदेश येई. चुकून सिगारेट ओढली गेली, तर त्यासाठीही निराळा शब्द होता आणि त्याला येणाऱ्या उत्तरात पुन्हा उभे राहण्याचे आवाहन असे. सहा महिन्यांनंतर केवळ तोंडच्या शब्दावर विश्वास न ठेवता, सोडल्याचे सांगणाऱ्यांच्या लाळेचीही तपासणी करण्यात आली. संदेश मिळालेल्यांपैकी १०.७ टक्के लोक सिगारेटपासून सतत दूर राहिलेले आढळले. दुसऱ्या गटात हे प्रमाण ४.९ टक्के होते. २०११ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. शंभरांत दहा-अकरा ही संख्या कोणाला अल्प वाटेल. परंतु व्यसनाच्या क्षेत्रात ती अल्प नव्हे. जेथे पाच सुटत होते तेथे दहा सुटू लागले, आणि तेही एका अगदी स्वस्त साधनाने.

यानंतर स्मार्टफोन आले, फेसबुक आले, ॲप आले, आणि साहजिकच आशा उंचावल्या. कॅनडाची कथा या बाबतीत फार बोधप्रद आहे. तेथे २०१२ साली १९ ते २९ वर्षांच्या तरुणांसाठी एक मोहीम काढण्यात आली. सिगारेटशी असलेले नाते म्हणजे एक फसलेले प्रेमप्रकरण आहे, ते आता मोडून टाका, अशी तिची कल्पना होती. संकेतस्थळ होते, ॲप होते, नाते मोडल्याची चित्रफीत करून जगाला दाखविण्याची आणि फेसबुकवर मित्रांना कळविण्याची सोय होती. तरुणांच्या भाषेत तरुणांशी बोलणारी ही मोहीम होती. ३७,३२५ माणसांनी संकेतस्थळाला भेट दिली आणि ३,९३७ वेळा ॲप उतरवून घेण्यात आले. तीन महिन्यांनी चौकशी केली, तेव्हा या मोहिमेतील ज्यांनी उत्तरे दिली त्यांपैकी ३२.४ टक्के तरुण गेले सात दिवस सिगारेटपासून दूर होते. दूरध्वनीवरून सल्ला घेणाऱ्या तरुणांत हे प्रमाण १४ टक्के होते.

हे आकडे डोळे दिपविणारे आहेत. पण ज्या संशोधकांनी ते मांडले, ते तेथे थांबले नाहीत, हे त्यांचे मोठेपण होय. या तुलनेत दोन्ही गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. जो तरुण आपण होऊन अशा मोहिमेत शिरतो, त्याच्या मनात सोडण्याचा निश्चय कदाचित आधीच पक्का झालेला असतो. मग यश ॲपचे की निश्चयाचे? आणखी एक बाब नजरेआड करण्याजोगी नाही. सदतीस हजारांहून अधिक माणसे येऊन गेली, परंतु सामाजिक माध्यमांवर प्रत्यक्ष देवाणघेवाण झाली ती अवघी ३३९ वेळा. जत्रेत पाहणारे हजारो आणि पालखीला खांदा देणारे मोजके, तशातला हा प्रकार.

म्हणून वॉटर्लू विद्यापीठातील याच संशोधकांनी तरुणांसाठी तयार केलेल्या एका नव्या ॲपची रीतसर परीक्षा घेतली. ॲप चांगलेच होते. त्यात प्रत्येकाला स्वतःची योजना आखता येई, किती सिगारेटी टाळल्या व किती पैसे वाचले त्याचा हिशेब दिसे, तलफ केव्हा येते त्याची नोंद होई, आणि मित्रांचा आधार घेण्याचीही सोय होती. १५९९ तरुणांचे चिठ्ठ्यांप्रमाणे दोन गट पाडले. एका गटाला हे ॲप दिले आणि दुसऱ्याला शासनाने काढलेली एक साधी मार्गदर्शक पुस्तिका. सहा महिन्यांनी पाहतात तो, ॲपवाल्यांपैकी ७.८ टक्के आणि पुस्तिकावाल्यांपैकी ९.२ टक्के तरुण महिनाभर सतत सिगारेटमुक्त राहिले होते. हा फरक गणिताच्या दृष्टीने नगण्य, म्हणजे दोन्ही सारखेच. २०१८ साली हा निष्कर्ष जसाच्या तसा प्रसिद्ध करण्यात आला. इतक्या परिश्रमाने सिद्ध केलेले साधन जुन्या पुस्तिकेपुढे एक पाऊलही सरकले नाही, हे उघडपणे सांगण्यास धैर्य लागते.

मग साधा संदेश जेथे उपयोगी पडला, तेथे इतके सजविलेले ॲप का पडू नये? याचे एक उत्तर विचारांती सुचते. संदेश आपण होऊन दारी येतो. ॲप मात्र कोणी उघडील म्हणून वाट पाहत बसते. तलफेच्या भरात ज्याचे मन सिगारेटकडे धावत आहे, त्याने त्याच वेळी हिशेबाची वही उघडावी, ही अपेक्षा थोडी जास्तच होते. दुसरे असे की, संदेशाला उत्तर देता येते आणि उलट उत्तर येते. म्हणजे ते एक प्रकारचे संभाषण असते. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने अशा २६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. संदेशांमुळे व्यसन सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीडपट होते, असे त्यात दिसले. ॲपविषयी मात्र खात्रीने बोलण्याजोगा पुरावा त्या वेळी मिळाला नाही.

तथापि सर्व ॲप निरुपयोगी, असाही निष्कर्ष कोणी काढू नये. अमेरिकेत सिॲटल येथील संशोधकांनी २०२० साली २४१५ माणसांवरील एका प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. त्यात दोन ॲपची तुलना होती. एक नेहमीच्या उपदेशाचे. दुसऱ्याची शिकवण अशी की, तलफेशी झुंजू नये आणि तिला शरणही जाऊ नये. ती आली आहे हे ओळखावे, तिला येऊ द्यावे, जाऊ द्यावे, आणि आपण सिगारेट कशासाठी सोडत आहोत याचे स्मरण ठेवावे. वर्षाअखेर या दुसऱ्या ॲपच्या गटातील २८.२ टक्के आणि पहिल्या गटातील २१.१ टक्के माणसे महिनाभर सिगारेटपासून दूर होती. दोन्ही साधने मोबाइलमध्येच होती. फरक पडला तो आत सांगितलेल्या गोष्टीमुळे. भांडे किती चकचकीत आहे यापेक्षा त्यात काय शिजले आहे, ते महत्त्वाचे. अमेरिकेतीलच १८ ते २४ वर्षांच्या, इलेक्ट्रॉनिक सिगारेटची सवय लागलेल्या २५८८ तरुणांवर झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात पुन्हा साधे संदेशच कामी आले. सात महिन्यांनंतर संदेश मिळालेल्यांपैकी २४.१ टक्के, तर इतरांपैकी १८.६ टक्के तरुण त्या सवयीतून सुटलेले आढळले. हा निष्कर्ष २०२१ सालचा आहे.

आता सामाजिक माध्यमांच्या खऱ्या गुणाकडे वळू. त्यांच्यामुळे माणसे एकमेकांना भेटतात, हा तो गुण. सिगारेट बहुधा सोबतीत लागते, आणि सोबतीतच पुन्हा सुरू होते. ‘एकाने काय होते’ हे मित्राचे वाक्य महिनाभराच्या तपश्चर्येवर पाणी फिरविते. त्याला उत्तर म्हणून दुसरी सोबत उभी करता येते का, हे हाँगकाँगमधील एका छोट्या प्रयोगात पाहिले गेले. नुकतीच सिगारेट सोडलेल्यांचे तीन गट केले. एकाला व्हॉट्सॲपवरील समूहात घेतले, दुसऱ्याला फेसबुकवरील समूहात, आणि तिसऱ्याला केवळ माहितीची पुस्तिका दिली. प्रत्येक समूहात एक जाणता मार्गदर्शक होता. दोन महिन्यांनंतर पुस्तिकेच्या गटातील ४२.६ टक्के माणसे पुन्हा सिगारेटकडे वळली होती. व्हॉट्सॲपच्या समूहातील मात्र केवळ १७ टक्के. फेसबुकचा समूह या दोहोंच्या मध्ये राहिला. व्हॉट्सॲपवर गप्पा अधिक रंगल्या, प्रश्न विचारले गेले, उत्तरे आली. प्रयोग लहान होता आणि सहा महिन्यांनी व्हॉट्सॲपच्या समूहातीलही ४०.५ टक्के माणसे पुन्हा ओढू लागली होती, हेही सांगितले पाहिजे. तरीपण जेथे माणूस माणसाला उत्तर देतो, तेथे धीर अधिक टिकतो, हे त्यातून स्पष्ट दिसते.

आपल्या देशात काय परिस्थिती आहे? २०१६-१७ च्या पाहणीत प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत धूम्रपान करणारे १०.७ टक्के आणि तंबाखू खाणारे, चघळणारे २१.४ टक्के होते. काही जण दोन्ही करीत. महाराष्ट्रात तर धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि तोंडाने तंबाखू घेणारे २४.४ टक्के आढळले. तेव्हा परदेशातील कोणतीही योजना जशीच्या तशी उचलून चालणार नाही. आपल्याकडच्या संदेशात सिगारेटीबरोबर विडी, गुटखा, मिश्री आणि चुन्याची डबी यांचाही उल्लेख असावयास हवा. याच पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी ते सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले. प्रत्यक्ष प्रयत्न करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी मात्र तो कोणत्याही मदतीवाचून, एकट्यानेच केला होता. सोडण्याची इच्छा आहे आणि सोबत नाही, असा याचा अर्थ.

ती सोबत पुरविण्याचा काही प्रयत्न शासनानेही केला आहे. २०१६ सालच्या आरंभी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मोबाइलवरून व्यसनमुक्तीचे संदेश पाठविण्याची योजना सुरू केली. नाव नोंदविण्यासाठी केवळ एक मिस्ड कॉल पुरेसा असे. ज्याच्याकडे साधा फोन आहे त्यालाही दार उघडे राहावे, हा विचार त्यामागे होता. त्याच वर्षी दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये मोफत दूरध्वनी सल्ल्याची सोय झाली. १८००-११-२३५६ हा तिचा क्रमांक २०१८ सालापासून सिगारेटच्या पाकिटांवर आणि तंबाखूच्या पुड्यांवर छापला जातो. विष आणि उताऱ्याचा पत्ता एकाच वेष्टनावर, असे हे दृश्य आहे. दुर्दैव एवढेच की, पाकीट रोज हाताळणाऱ्या कित्येकांची नजर त्या अंकांवर कधी ठरत नाही. तो क्रमांक मोबाइलमध्ये नोंदवून ठेवण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. आणि तलफेच्या वेळी शोधाशोध करावी लागू नये, म्हणून तो आधीच नोंदविलेला असावा, हे उत्तम.

भाषेचा प्रश्नही दुय्यम नव्हे. इंदूर-ग्वाल्हेरच्या, बडोद्याच्या, हैदराबादच्या किंवा बेळगाव-गोव्याच्या मराठी घरातील मुलगा बाहेर हिंदी, गुजराती, तेलुगू, कन्नड किंवा कोंकणी बोलतो आणि मोबाइलवर इंग्रजी वाचतो. परंतु मन उदास झाले, राग आला किंवा थट्टा सुचली म्हणजे तो ज्या भाषेत बोलतो, त्याच भाषेतील धीराचा शब्द त्याला लागतो. सरकारी परिपत्रकाच्या भाषेतील संदेश कितीही शुद्ध असला, तरी तो वाचण्याआधीच पुसला जातो. येथे गावोगावच्या मराठी मंडळांना, वाचनालयांना आणि महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना काम करण्यास मोकळे रान आहे. दहा-बारा तरुणांचा एक समूह, त्यात सिगारेट सोडून वर्ष झालेला एखादा थोरला मित्र आणि प्रश्नांची उत्तरे देणारा एखादा डॉक्टर, इतक्यानेही बरेच साधेल. खर्च काहीच नाही. मात्र रोज उत्तर देण्याची चिकाटी हवी, तीच दुर्मिळ.

घरातील वडीलधाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. मुलाने सिगारेट सोडण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला, तर पहिला शब्द रागाचा नसावा. व्यसन बहुधा पहिल्याच प्रयत्नात सुटत नाही. अनेकांना पुन्हा पुन्हा सुरुवात करावी लागते. ब्रिटनमधील त्या योजनेत घसरलेल्यासाठी जो निराळा शब्द ठेवला होता, त्यामागे हेच शहाणपण होते. आपण पुन्हा ओढली, हे ज्या घरात मुलाला न भिता सांगता येते, त्या घरात ते व्यसन फार काळ लपून राहू शकत नाही, आणि लपून न राहणारे व्यसन दुबळे होऊ लागते. जो तरुण दिवसाला पुष्कळ सिगारेटी ओढतो, त्याला डॉक्टरकडे नेण्यास संकोच करू नये. निकोटीनचा डिंक, पट्ट्या व इतर औषधे यांची जोड मिळाल्यास यशाची शक्यता आणखी वाढते.

मोबाइल हा निरोप्या आहे. निरोप्या कितीही चपळ असला, तरी निरोप पाठविणारा कोणी तरी असावा लागतो. कॅनडातील ॲप आणि हाँगकाँगमधील समूह यांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवली, म्हणजे हेच ध्यानात येते. एखादा तरुण रात्री उशिरा दोन शब्द लिहून पाठवितो, ‘तलफ आली आहे’. त्या वेळी पलीकडे कोणी जागे आहे की नाही, आणि त्याने उत्तर दिले की नाही, यावर त्या दहा मिनिटांचा निकाल लागतो. अशी दहा मिनिटे पुष्कळदा निभावली, म्हणजे तिशीच्या आत सोडणाऱ्याला ती दहा वर्षे परत मिळतात.